दोन केळी, दोन अंडी आणि म्हणे लो कार्ब!

सध्या कुठलंही रील उघडा, दोन केळी कुस्करा, दोन अंडी फोडा, झाले लो कार्ब पॅनकेक. अहो, मैदा घातला नाही म्हणजे कार्ब, म्हणजे शुगर वाढवणारी कर्बोदकं, गेली कुठे? एका मध्यम केळ्यात साधारण २७ ग्रॅम कार्ब, दोन केळी म्हणजे तीनेक फुलके पोटात गेले की! मीही फसलेच होते म्हणा, बाबांना (सासरे, डायबेटिस जुना) आठवडाभर कौतुकाने तेच खायला घातलं, वर मधाची धार, आणि मग एकदा नाश्त्यानंतर दोन तासांनी मशीनवर शुगर बघितली तेव्हा आईंनी माझ्याकडे जे काही बघितलंय ना, ते जाऊ द्या.

खरं तर पॅनकेक पॅनकेक काय करतो आपण, ते धिरडंच आहे. फक्त पीठ आणि फळ कुठलं घ्यायचं एवढाच प्रश्न. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत कार्ब जेमतेम ८ ग्रॅम, पेरूत १४ पण त्यातले ५ फायबरचे म्हणजे चोथ्याचे, ते शुगर वाढवत नाहीत, आणि केळं २३, चिकू २०. म्हणून थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की मी ती घेते, नाहीतर पेरू. आंब्याच्या दिवसांत हा विषयच काढत नाही, तेव्हा घरात कुणी माझं ऐकणार नाही.

आमच्या पाच जणांसाठी चार अंडी, वाटीभर म्हणजे साधारण १०० ग्रॅम बदामाची पूड, दोन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस, चमचाभर इसबगोल, वेलची, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर. साखर नाही, मध तर नाहीच नाही. बदाम मिक्सरला थांबत थांबत फिरवायचे, एकदम फिरवले की तेल सुटून लगदा होतो, माझा झालाय. पीठ दहा मिनिटं ठेवलं की इसबगोल फुगतं आणि ते जरा धरून राहतं, कारण बदामाला गव्हासारखा चिकटपणा नाही, मोठं घातलंत तर उलटताना तुकडे होणार म्हणजे होणारच. तळहातापेक्षा लहान घाला, मंद गॅस, झाकण, आणि कडा सुटल्याशिवाय उलथनं लावू नका. स्ट्रॉबेरी पिठात कालवायची नाही हं, पाणी सुटतं आणि तव्याला चिकटून काळी होते, तव्यावर घातल्यावर वरून पातळ काप लावायचे. पूड रात्री करून ठेवली तर सकाळी वीस मिनिटांत दहा-बारा होतात, आणि सगळ्यांचे मिळून कार्ब साधारण ३०-३५ ग्रॅम, म्हणजे त्या दोन केळ्यांपेक्षा कमीच.

बदाम महाग आहेत, मान्य, म्हणून आठवड्यातून दोनदाच, बाकी दिवस मुगाचं धिरडं, ते लो कार्ब नाही पण पोह्यांपेक्षा बरं. आणि इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर एकदम कार्ब कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, शुगर खाली जाऊ शकते.

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते वेगळंच. आधी आम्ही सगळे पोहे खायचो आणि बाबा कोपऱ्यात त्यांची उकडलेली दोन अंडी, तोंड पाडून, पेशंटसारखे. आता तवा एकच. लेक म्हणतो हे पॅनकेक नाहीयेत, सिरप कुठंय, आणि बाबा त्याच्या ताटलीतलं अर्ध उचलून म्हणतात, तुला नको ना, मग दे इकडे.