लाल वायर नक्की कुठली?

दर रविवारी तेच. माळ्यावरच्या जुन्या टीव्ही गेमचे दोन कंट्रोलर रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरला जोडायचेत, एवढंच तर काम! पॉवर, ग्राउंड, आणि कुठलं बटण दाबलंय ते कळवणाऱ्या क्लॉक, लॅच, डेटा. पाच वायरी. पण रंगांना काही धरबंध? एकात लाल म्हणजे पॉवर, दुसऱ्यात लाल म्हणजे डेटा. मल्टिमीटर लावून लावून डोळे गेले.

एम. जी. रोडला ९ पिनांचं सॉकेट मागितलं की उत्तर ठरलेलं, "साहेब, यूएसबीवालं नवीन घ्या ना!" अहो, मला तेच घासून गुळगुळीत झालेलं ए बटण दाबायचंय, ज्याच्यावर भावाशी मारामाऱ्या केल्यात.

शेवटी कसंबसं चाललं, तर आतून आई, "बंद कर ते, टीव्ही बिघडेल." १९९५ सालीही हेच.