50 मिनिटं आणि टेस्ट राईड: तुमच्या 1 स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

रॉयल एनफील्डच्या सुपर मीटिअर 650 या बाईकच्या टेस्ट राईडबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला थांबावं लागलं त्याबद्दल मनापासून सॉरी. शनिवारी गर्दी होते आणि माणसं आम्ही तीनच, हे मान्य.

पण "50 मिनिटं ताटकळत ठेवलं आणि जेमतेम 10 मिनिटं गाडी दिली" असं जे लिहिलंय ना, त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमची वेळ होती 11 ची. तुम्ही आलात 11:40 ला, तिघं मित्र घेऊन, वाटेत मिसळ खाल्ली हे तुम्हीच हसत सांगितलंत. तोपर्यंत 11:30 वाले काका वेळेवर येऊन हेल्मेट घालून उभे, त्यांना कसं थांबवणार? ते परत आले 12:05 ला. मग तुमचं लायसन्स घरी, व्हॉट्सॲपवर फक्त फोटो. फोटो चालत नाही, डिजिलॉकर (सरकारी ॲप) चालतं, ते डाउनलोड करून ओटीपी येऊन सगळं होईपर्यंत साडेबारा. म्हणजे 25 मिनिटं काकांची, 25 ओटीपीची. यात आमची किती तुम्हीच सांगा.

आणि लायसन्सचा हट्ट आम्ही हौसेने करत नाही. ती सुपर मीटिअर 650 आमची नाहीच, एका कस्टमरने आमच्याकडे विकायला लावलीये, विनालायसन्स काही झालं आणि इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले तर त्या माणसाला मी काय तोंड दाखवू?

चांदणी चौकापर्यंत जाऊन परत, हा राऊंड सगळ्यांना सारखाच आहे. तुम्हाला लोणावळ्याच्या बाजूला एक्सप्रेसवेवर मोकळी सोडून बघायची होती, पण तिथे टू-व्हीलरला बंदी आहे सर.

आमचा पोरगा मागे बसला त्याला तुम्ही "अविश्वास" म्हटलंत. अहो 241 किलोची गाडी आहे. सीट 740 मिमी, दोन्ही पाय टेकतात म्हणून उभ्या गाडीवर सगळ्यांना हलकी वाटते, शिवाय पाय ठेवायचे फूटपेग पुढे, सवयीने पाय मागे चाचपडतो आणि नेमकं यू-टर्नला गडबड होते. तुमचीही कलली, पोराने उतरून सावरली. लेगगार्डवर ओरखडा आला त्याचं आम्ही अवाक्षर काढलं नाही. (आता काढलं, असो.)

सगळ्यात जास्त लागलं ते "पुणेरी दुकान, 1 वाजला की हाकलतात". 12 वर्षं झाली, दुपारी एकदाही शटर ओढलं नाही, माझा डबा काउंटरमागे उघडतो आणि बऱ्याचदा तसाच घरी जातो. त्या दिवशी राईड संपल्यावर तुमच्या मित्रांचं गाडीवर बसून फोटो काढणं चालू होतं आणि 1 ची अपॉइंटमेंटवाले येऊन उभे राहिले, म्हणून चावी मागितली. पोराचा आवाज चढला असेल तर त्याच्या वतीने मी माफी मागतो, त्याला समज देतो.

वेळेचंही काहीतरी बसवतोय, लायसन्सचं आधीच मेसेजवर कळवू वगैरे. तुम्ही परत या, शक्यतो मंगळवार-बुधवार, मी स्वतः सोबत येतो आणि राऊंडही थोडा मोठा करू. फक्त 11 म्हणजे 11. गाडी अजून आहे, पण रविवारी दोघं बघून गेलेत.