बसा की, सोडतो

सकाळी सहाच्या सुमाराला रंकाळा मागं टाकून फुलेवाडीकडं पळत होतो, तर शेजारी एक स्प्लेंडर आली आणि पुढं जायचं नावच घेईना. दोन्ही बाजूंना दुधाचे रिकामे कॅन, कानावरून घट्ट मफलर, पायात झिजलेलं कापशी पायताण. गंगावेशीत दूध घालून गावाकडं परतणारा माणूस. वय साठीच्या पुढं, आवाज मात्र तालमीतला.

"एस्टी चुकली काय?"

"नाही मामा."

"मग दवाखान्यात कोन हाय?"

"कोणी नाही. पळतोय."

"त्ये दिसतंय की. कशापायी?"

"व्यायाम."

मामांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि मागच्या सीटवरची बारदानाची घडी हातानं झटकली. "बसा की. बालिंग्यापतूर सोडतो. व्यायाम तितं करा."

कोल्हापुरात कुणी प्रेमानं काही देऊ केलं तर नाही म्हणणं हा दखलपात्र गुन्हा आहे. रश्श्याची दुसरी वाटी नाकारणाऱ्याचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तरी मी धाडस केलं. म्हटलं, मला बालिंग्याला जायचंच नाही.

"मग कुटं?"

"कुठंच नाही. नाक्यापर्यंत जाणार आणि माघारी येणार."

"काय इसरलंय तितं?"

यावर काय उत्तर द्यायचं सांगा. मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांना खरोखरच काळजी वाटत होती, आणि माझा राग नेमका तिथंच आहे. टवाळी केली असती तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

तेवढ्यात त्यांची गाडी आचके देऊन बंद पडली. किक मारून ते परत शेजारी आले. पुन्हा आचके. मग एक पाय रस्त्याला घासत, क्लच दाबत-सोडत, कॅन खणाखणा वाजवत थोडं अंतर आले आणि वैतागून म्हणाले, "सायब, पयल्या गेरात घातली तरी गाडी तुमच्या फुडं पळतीया. जरा जोर लावा, न्हाईतर सरळ चाला तरी. ह्ये मधलंच काय चाललंय?"

हे मधलंच म्हणजे माझं सगळं शास्त्र आहे हो! झोन टू म्हणतात त्याला. अव्वल दर्जाचे धावपटू आपल्या सरावातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग असाच सावकाश पळतात. हृदयाची गती आवरून, दम न लागू देता. त्यानं म्हणे दमसास वाढतो, स्नायूंना चरबी जाळायची सवय लागते आणि शर्यतीच्या दिवशी माणूस सुसाट सुटतो. मी किलोमीटरला साडेसात मिनिटं घेत होतो, म्हणजे ताशी आठचा वेग. तो ठरवून धरलेला होता. नाइलाज नव्हता. हे मी मामांना समजावलंही.

"म्हंजे जोरात पळाय यावं म्हणून रोज हळू पळायचं?"

"हो."

"आनि जोरात कवा पळनार?"

"जानेवारीत."

मामा बराच वेळ गप्प राहिले. गप्प म्हणजे तोंडानं. कॅन वाजतच होते.

यातली खरी गोची अशी की झोन टू ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ते मला येत होतं. त्यामुळं 'दम लागलाय, नंतर बोलू' हे एकमेव सभ्य कारणही माझ्या हातून गेलं होतं. मनगटावरचं घड्याळ मात्र थरथरायला लागलं. नाडी झोन टूमधून बाहेर चालली होती. पळण्यामुळं नव्हे, मामांमुळं. पण घड्याळाला हे कोण सांगणार? 'वयोमान २२० मधून वजा करा' या ढोबळ हिशेबावर चालणारी त्याची अक्कल. त्यात दूधवाला कुठं बसतो?

मग मामांची नजर बुटांवर गेली. ती जाणारच होती.

"केवड्याला?"

"तीन हजार."

पळणाऱ्या माणसाच्या बुटांना तीन किमती असतात. रस्त्यावर सांगायची, घरी सांगायची आणि जी भरली ती. माझ्या बाबतीत त्या तीन, पाच आणि बारा हजार आहेत. आणि बारा हजार मी काही सुखासुखी दिले नाहीत. दुकानातल्या पोरानं मला ट्रेडमिलवर पळवलं, मागून घोट्यांचा व्हिडिओ काढला, तो सावकाश करून दाखवला आणि रिपोर्ट वाईट आल्यासारख्या आवाजात सांगितलं, "सर, तुमचं ओव्हरप्रोनेशन आहे." म्हणजे पाय टेकताना आत कलतो. चाळीस वर्षं कलत असेल, मला काही त्रास नव्हता. त्या दिवसापासून व्हायला लागला. वर, बूट संध्याकाळी घ्यावेत, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. पुढं अंगठ्याएवढी जागा सुटली पाहिजे. आणि पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की नवे घ्या, ही ज्ञानाची शिदोरी त्यानं फुकट दिली. सहाशे धरा. किलोमीटरला वीस रुपये पडले. रिक्षाच्या मीटरसारखं मी आता पळता पळता मनातल्या मनात भाडं मोजत असतो. आणि मामा तर फुकटात सोडत होते.

पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. मागं दोन ट्रॉल्या, स्पीकरवर दणदणीत गाणं, रस्ता बंद. मला थांबावं लागलं. मामांनी गाडी स्टँडला लावली आणि हात पुढं केला. "दावा बगू."

मी बूट काढून दिला. का दिला, मला विचारू नका. फुलेवाडीच्या रस्त्याकडेला, एका पायावर, गुलाबी मोजा वर धरून मी उभा, आणि मामा बुटाचा तळ अंगठ्यानं दाबतायत. टाच दाबली, चवडा दाबला, वाकवून बघितला, आत नाक न घालता वास घेतला. चहाच्या टपरीवरची दोन माणसं ग्लास घेऊन जवळ आली. त्यातल्या एकानंही दाबून बघितला.

"मऊ हाय," तो म्हणाला.

"लई मऊ," मामा म्हणाले. "पायाला खाली काय हाय त्येच कळायचं न्हाई. पाय आंधळा हुईल ह्यानं."

आता बघा. हेच वाक्य जाड जाड पुस्तकांतून, परदेशी तज्ज्ञांच्या तोंडून मी वाचलेलं आहे. पंधराएक वर्षांपूर्वी अनवाणी पळायची लाट आली होती तेव्हा सगळे हेच म्हणायचे. मग वारं फिरलं आणि तळ फुगायला लागले, ते इतके की जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी चाळीस मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. अबेबे बिकिला १९६० साली रोमची ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला, हा अनवाणीवाल्यांचा हुकमी एक्का. पण तोच बिकिला १९६४ साली टोकियोत बूट घालून परत जिंकला, ते कोणी सांगत नाही. ते मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "म्हंजे त्यो दोन्हीकडनं जिकतोय. त्येच्यात बुटाचं काय?"

टपरीवाले माझ्याकडं बघायला लागले. मला इभ्रत वाचवणं भाग होतं.

"पळून कोन मोटा झालाय सांगा," मामांनी पुढचा डाव टाकला. "खाशाबा बगा. हेलसिंकीस्नं पदक आनलं. कुस्तीचं."

मी म्हटलं, मामा, त्याच १९५२ च्या हेलसिंकीत एमिल झाटोपेक म्हणून एक पळणारा होता. पाच हजार मीटर जिंकला, दहा हजार जिंकला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मॅरेथॉन पळून तीही जिंकला. तीन सुवर्णं!

मामांनी बूट माझ्या हातात दिला. "कुनाच्या तालमीतला?"

इथं मी हरलो. ज्या गावात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग बांधलं, जिथं फुटबॉलच्या संघांनासुद्धा तालमींची नावं आहेत, तिथं बिनतालमीचा माणूस म्हणजे बेवारस. कुस्ती खेळ, फुटबॉल खेळ. पळणं हा मात्र प्रसंग. कोणीतरी मागं लागल्याशिवाय किंवा काहीतरी चुकल्याशिवाय तो येत नाही अशी सगळ्यांची पक्की समजूत. मागं लागायला कुत्री आहेतच, तेवढा विश्वास सार्थ आहे. फुटपाथ आहे तिथं गाड्या लागलेल्या. रंकाळ्याच्या कडेनं जावं तर मध्येच चौघं आडवे उभे राहून उगवत्या सूर्यासोबत फोटो काढतात आणि 'जरा बाजूला' म्हटलं की आपल्याकडंच असं बघतात जणू आपण फोटोत घुसतोय. म्हणून तर बाहेरचा रस्ता धरावा लागतो, उसाच्या ट्रॉल्यांच्या पोटाखालून.

घरी येऊन हा सगळा किस्सा बायकोला रंगवून सांगितला, आवाज काढून, एका पायावर उभा राहून. ती हसली नाही. तीही पळते. "तुझ्या शेजारी गाडी स्लो झाली की तुला विनोद सुचतो," ती म्हणाली. "मी पहिल्यांदा नंबर प्लेट बघते." तिच्या शेजारी स्लो होणाऱ्या गाड्यांवर कॅन नसतात. त्यांनाही 'बसा की, सोडतो' असंच म्हणायचं असतं. ती हल्ली उजाडल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि उजाडल्यावर ऑफिसची घाई असते, म्हणून बरेचदा पडतच नाही. तिचे बूट माझ्याहून चांगले टिकलेत, याचं कारण ओव्हरप्रोनेशन नाही.

तर आता आम्ही दोघांनी मिळून शिवाजी विद्यापीठाचं आवार धरलंय. झाडी आहे, चढ आहे, क्वचित मोर दिसतो. दूधवाले नाहीत. निवृत्त लोक मात्र आहेत, भरपूर. त्यातल्या एका गृहस्थांनी पहिल्याच दिवशी काठी आडवी धरून आम्हाला थांबवलं. "पळू नका, गुडघे जातात."

यावर माझी तयारी होती. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यातले आकडे मला तोंडपाठ आहेत. हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेचं प्रमाण साडेतीन टक्के, न पळणाऱ्यांमध्ये दहा टक्क्यांच्या वर. मी दशांशासकट ऐकवले. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते.

"तुम्ही पळायचात का?" बायकोनं विचारलं.

"छे! आयुष्यात नाही," ते म्हणाले. "म्हणून तर एवढे तरी राहिलेत."