"ज्यू बायकांना कसली आलीय अडचण?" त्या फॉरवर्डला उत्तर

एकच मेसेज गेल्या काही दिवसांत माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला, तिन्हीकडे खाली हात जोडलेले इमोजी. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतली ज्यू फाउंडेशन्स "आपल्या समाजात स्त्री-पुरुष समानता आणायची" म्हणून संस्थांना डॉलर वाटतात, पण हा समाज श्रीमंत, शिकलेला, गोल्डा मेयर इस्रायलची पंतप्रधान होती, मुली सैन्यात जातात, मग समानता आणायची राहिलीय कुठे? म्हणजे हा श्रीमंत बायकांचा टाइमपास, नाहीतर धर्म मोडायचा डाव, पैसा कुठे जातो कुणाला माहीत नाही, आणि शेवटी "आपल्याला काय त्याचं, पण शिकण्यासारखं आहे". काय शिकायचं ते लिहिलेलं नाही.

आधी गोल्डाबाई. १९६९ ते १९७४ त्या पंतप्रधान होत्या, बरोबर, आणि त्यांच्यानंतर आजपर्यंत दुसरी बाई त्या खुर्चीवर बसलेली नाही. पण ते सोडा, त्या पंतप्रधान असतानाही इस्रायलमधल्या ज्यू बाईला घटस्फोट हवा असेल तर जावं लागायचं धार्मिक कोर्टातच, आणि आजही तिथेच जावं लागतं, कारण १९५३ च्या कायद्याने ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कोर्टाकडे दिलंय. सिव्हिल मॅरेजची सोय देशात नाही. या धार्मिक कोर्टातले न्यायाधीश सगळे पुरुष. घटस्फोट पूर्ण होतो तो नवऱ्याने स्वतःच्या मर्जीने बायकोच्या हातात 'गेट' दिल्यावर (फाटकवालं गेट नाही, घटस्फोटाच्या कागदाचं नाव आहे ते). नाही दिलं तर ती अडकली, अशा बाईला 'अगुना' म्हणतात, म्हणजे बेडीत अडकलेली. आता कुणी म्हणेल बायकोचीही संमती लागते की, हो लागते, पण ती अडून बसली तर नवऱ्यासाठी शंभर रब्बींच्या सह्या घेऊन दुसरं लग्न करायची पळवाट धर्मशास्त्रात आहे, बाईसाठी तशी काही नाही, आणि तिला दुसऱ्या पुरुषापासून मूल झालं तर ते मूल 'मामझेर' ठरतं, त्याला मोठेपणी समाजात नेहमीसारखं लग्न करता येत नाही. नवरा हीच भीती पुढे करून सौदा करतो. घर सोड, पोटगी सोड, मग सही करतो.

१९९५ मध्ये इस्रायलने कायदा केला की असा नवरा परदेशी जाऊ शकणार नाही, त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स, बँक खातं अडवता येईल, तुरुंगातही टाकता येईल. तरी काही जण तुरुंगात बसून राहतात पण गेट देत नाहीत! म्हणजे कायदा झाला तरी कोर्टात तिच्या बाजूने उभं राहणारं कुणीतरी लागतं, आणि तिथे येतात ही अशा फाउंडेशन्सच्या ग्रँटवर चालणारी मंडळी, मावोई सातूम (अर्थ: 'बंद गल्ली') सारख्या संस्था, धर्मशास्त्र शिकून या कोर्टात बाजू मांडणाऱ्या बायका, वकील, समुपदेशक. या कोर्टाचे न्यायाधीश निवडणाऱ्या समितीत बायकांच्या जागा राखायचा कायदा सुद्धा २०१३ मध्ये झाला, तोही महिला संघटना मागे लागल्यावर. सैन्यात बंदूक चालवणारी मुलगी याच कोर्टासमोर उभी राहते, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला माहीत नसावं.

"श्रीमंत समाज आहे, पैसा कशाला". अहो समाज श्रीमंत असणं आणि पैसा कुठे खर्च करायचा हे बायकांनी ठरवणं या दोन गोष्टी आहेत, आपल्याकडच्या कुठल्याही ज्ञातीच्या ट्रस्टची मीटिंग आठवा. अमेरिकेत ज्यू समाजाचा पैसा गोळा करून वाटणाऱ्या शहरवार फेडरेशन असतात, त्यात काम करणाऱ्यांत बायका बहुसंख्य, पण मोठ्या शहरातल्या फेडरेशनच्या प्रमुखपदी बाई यायला २०१० साल उजाडलं, सॅन फ्रान्सिस्कोत. त्याची वाट न बघता नव्वदच्या दशकातच न्यूयॉर्क, शिकागो अशा ठिकाणी ज्यू विमेन्स फाउंडेशन निघाली, सभासद बायका वर्गणी भरतात, आलेले अर्ज स्वतः वाचतात आणि कुणाला द्यायचं ते मिळून ठरवतात. हदासाची गोष्ट त्याहून जुनी, १९१२ मध्ये हेन्रिएटा झोल्ड आणि बरोबरच्या बायकांनी न्यूयॉर्कमध्ये ही संघटना सुरू केली, पुढच्याच वर्षी दोन नर्सेस जेरुसलेमला पाठवल्या, त्यातून पुढे मोठं हॉस्पिटल उभं राहिलं. पण हदासा फाउंडेशन, जे खास मुली आणि बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थांना ग्रँट देतं, ते निघालं १९९८ मध्ये. मधे ८० हून जास्त वर्षं गेली. टाइमपास म्हणायला फारच सावकाश झाला हा.

धर्म मोडायचा डाव हा मुद्दा मला सगळ्यात गमतीशीर वाटतो. कारण ज्यांच्यावर हा आरोप आहे त्यातल्या कितीतरी बायका कट्टर म्हणावं इतक्या धर्म पाळणाऱ्या आहेत. जोफा ही १९९७ ची संघटना ऑर्थोडॉक्स बायकांचीच. आणि अमेरिकेत अगुनाच्या प्रश्नावर जो उपाय सगळ्यात जास्त चालतो तो म्हणजे लग्नाआधीचा करार, तो लिहिला रब्बींनी, धर्मशास्त्रात बसवून: वेगळं झाल्यावर गेट मिळेपर्यंत नवरा बायकोला रोज ठरलेली रक्कम देणं लागतो, नेहमीच्या मसुद्यात १५० डॉलर. दिवसाला! मीटर चालू झाला की 'मर्जी' लवकर तयार होते. हा करार तरुण जोडप्यांपर्यंत पोचवणं, अडून बसलेल्या नवऱ्यावर समाजाचं दडपण आणणं, हे काम ओरा नावाची संस्था २००२ पासून करतेय, तीही ऑर्थोडॉक्स वर्तुळातलीच. यात धर्म मोडला कुठे?

पैसा कुठे जातो कळत नाही, हे चूक. अमेरिकेत खाजगी फाउंडेशनला दरवर्षी जो टॅक्स फॉर्म भरावा लागतो त्यात कुणाला किती ग्रँट दिली ते नावानिशी असतं आणि तो फॉर्म कुणालाही बघता येतो, घरबसल्या. पण इथे एक खरी तक्रार आहे, जी फॉरवर्डवाल्याने केलेलीच नाही. ग्रँट बहुतेक वेळा वर्षा-दोन वर्षांपुरती, ठरावीक प्रकल्पाला, भाडं आणि पगार कोण देणार याचं उत्तर नाही, त्यामुळे चार जणींच्या ऑफिसमधली एक जण कायम अर्ज आणि रिपोर्ट लिहीत बसलेली. शिवाय देणगीदारालाच दुखवायची वेळ आली तर? २०१८ मध्ये ज्यू संस्थांमधला लैंगिक छळ थांबवायला सेफ्टी रिस्पेक्ट इक्विटी नावाचं नेटवर्क उभं राहिलं, तेव्हा हाच प्रश्न पुढे आला, देणगी मागायला जाणारी मुलगी आणि चेक लिहिणारा माणूस, यात तक्रार कोण ऐकणार. यावर बोला की, मी पण बोलेन तुमच्या बाजूने.

आता "आपल्याला काय त्याचं".

बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू. कोकणातले शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून हे नाव), घरात मराठी बोलणारे, हजारोंनी इस्रायलला गेले. १९६२ च्या सुमाराला तिथल्या रब्बींनी आदेश काढला की यांच्याशी लग्न लावायच्या आधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. शंका काय, तर यांच्या पूर्वजांनी घटस्फोट देताना गेट नीट, नियमाप्रमाणे दिलं होतं का! अलिबाग-पेणच्या कुठल्या पणजीचा कागद जेरुसलेममध्ये दाखवायचा. लोकांनी आंदोलनं केली, उपोषणाला बसले, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव करून सांगितलं की हे सगळ्या बाबतीत पूर्ण ज्यू आहेत, तेव्हा कुठे तो आदेश बदलला. लोद, दिमोना, अश्दोदला आजही मराठी ऐकू येतं. तिथल्या एखाद्या बाईला उद्या नवऱ्याने गेट दिलं नाही, तर ती त्याच कोर्टात जाणार आणि मदतीला बहुतेक अशाच कुठल्यातरी ग्रँटवर पगार घेणारी वकील येणार.