टाइमशीटमध्ये ४०च तास का?

आयटी कंपनीत शुक्रवारी दुपारी ४ वाजले की मेल आलाच: टाइमशीट (कुठल्या कामाला किती तास लागले त्याची नोंद) भरा, नाहीतर पगार अडकेल. भरायचे किती? दिवसाला ८, आठवड्याचे ४०. काम ५० तास झालेलं असलं तरी! एकेचाळिसावा तास टाकला की शीट रिजेक्ट होऊन परत. कारण प्रोजेक्ट फिक्स्ड प्राइस, म्हणजे रक्कम आधीच ठरलेली. जादा तासांचे पैसे क्लायंट देत नाही, ते थेट कंपनीचं मार्जिन, म्हणजे नफा खातात.

इथवर एक वेळ समजू शकतं. पण याच खोट्या आकड्यांवर पुढचं एस्टिमेट बेततात, याची कुणालाच कशी चाड नाही? समजा एका इंटरफेसला खरे ६० तास लागले, नोंद झाली ४०ची. सहा महिन्यांनी प्रीसेल्सवाले (नवं काम मिळवण्याआधी एस्टिमेट काढणारे) तीच नोंद काढतात, क्लायंटने घासाघीस केली म्हणून ३६ लावतात आणि टीमच्या गळ्यात मारतात. मग कात्री लागते टेस्टिंगच्या दिवसांना, आणि गो-लाइव्हनंतर, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष वापरात आल्यावर, रात्री २ वाजता फोन वाजतो. तो तास कुठे लिहायचा? टाइमशीटमध्ये तास ज्याखाली टाकायचे तो कोडच त्याला नसतो!

अरे, निदान एक नॉन-बिलेबल कोड तरी उघडा. क्लायंटच्या बिलात ते तास नकोत तर नकोत, पण आपल्या घरच्या नोंदीत तरी ६०चे ६० लिहू द्या.