शिया बटरचे १०० मिली म्हणजे १०० ग्रॅम नाही हो!

घरी बाम, लोशन, साबण बनवणाऱ्यांमध्ये एक चार्ट सारखा फॉरवर्ड होतोय. त्यात म्हटलंय, शिया बटरचे (शियाच्या बियांतून काढलेल्या घट्ट स्निग्ध पदार्थाचे) मिली आणि ग्रॅम एकच धरा, १ कप म्हणजे २५० ग्रॅम, थोडाफार फरक चालतो, आणि बटर घट्ट असो की फेटलेलं, कपाने मोजलं की झालं. मला हे खूप खटकतंय, कारण नवीन शिकणारे यावरच विश्वास ठेवतात आणि बॅच बिघडली की आपल्याला जमतच नाही असं म्हणून सोडून देतात.

"मिली आणि ग्रॅम एकच"
हे पाण्याचं गणित झालं. शिया बटर पाण्यापेक्षा हलकं असतं, घनता साधारण ०.९१, म्हणजे १०० मिली घेतलंत तर वजन भरतं ९१ ग्रॅमच्या आसपास. मिलीवरून ग्रॅम काढायला ०.९१ ने गुणायचं, ग्रॅमवरून मिली काढायला भागायचं, इथेच बरेच जण उलटसुलट करतात. १०० ग्रॅम भागिले ०.९१ म्हणजे जवळपास ११० मिली, म्हणूनच १०० ग्रॅम बटर वितळवून १०० मिलीच्या डबीत ओतायला गेलं की वर उरतं.

"१ कप म्हणजे २५० ग्रॅम"
अहो पण कुठला कप? मेट्रिक कप २५० मिलीचा, त्यात बटर साधारण २२८ ग्रॅम. अमेरिकन कप २३७ मिलीचा, त्यात २१५ च्या आसपास. २५० ग्रॅम दोन्हीत बसत नाही. चमच्याचंही तसंच, टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिली पण ऑस्ट्रेलियात २० मिली, त्यामुळे रेसिपी कुठली आहे ते आधी बघा.

"थोडाफार फरक चालतो"
बाममध्ये चालतो, फार तर जरा घट्ट किंवा मऊ होईल. साबणात मात्र अजिबात नाही, आणि माझा खरा राग यावरच आहे. शिया बटरच्या दर ग्रॅमचा साबण व्हायला साधारण ०.१२८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. समजा २५० ग्रॅम धरून हिशोब केला आणि ५ टक्के सुपरफॅट ठेवलं (म्हणजे तेवढं बटर साबण न होता उरावं म्हणून सोडा मुद्दाम ५ टक्के कमी घेतला), तर सोडा होतो ३०.४ ग्रॅम. पण अमेरिकन कपाने मोजलं असेल तर भांड्यात बटर आहे २१५ ग्रॅमच, आणि त्याला पूर्ण साबण व्हायला साडेसत्तावीस ग्रॅम सोडा पुरतो. उरलेला जवळजवळ ३ ग्रॅम सोडा वडीत तसाच राहतो, सुपरफॅट तर गेलंच वर त्वचा भाजायची भीती, आणि तो साबण आपण कुणाला तरी प्रेमाने देणार असतो!

"घट्ट असो की फेटलेलं, कप तोच"
फेटलं की हवा भरते, आकार अगदी दुप्पटही होऊ शकतो, वजन मात्र तेवढंच. म्हणजे फेटलेल्या एका कपात खरं बटर अर्ध्या कपाइतकंच असू शकतं. घट्ट बटर चमच्याने कपात भरताना मध्ये पोकळ्या राहतात, तिथेही कमीच भरतं. कपानेच मोजायचं असेल तर वितळवून मोजा, त्यातल्या त्यात बरं. पण साबणाला वजनकाटाच हवा, रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि मग बटर घालायचं. प्रिझर्व्हेटिव्हसारखं १-२ ग्रॅम मोजायचं असेल तेव्हा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या, १ ग्रॅमचे टप्पे दाखवणाऱ्या काट्यावर १.४ आणि १ दोन्ही १ च दिसतात.