वॉल्थॅमला क्वार्ट्झनं मारलं नाही

‘जो बदलत नाही तो संपतो’ हा धडा देणारा एक मजकूर पुन्हा हातोहात फिरतोय. त्यात अमेरिकेच्या वॉल्थॅम घड्याळ कंपनीची गोष्ट आहे. ती स्विस घड्याळांची नक्कल करून मोठी झाली, अमेरिकी कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक घड्याळाला तुच्छ मानलं आणि मग जपानी क्वार्ट्झनं (सेलवर, स्फटिकाच्या कंपनांवर चालणाऱ्या घड्याळानं) वॉल्थॅमला एका रात्रीत संपवलं, असं तो सांगतो. यातलं काहीही खरं नाही.

आधी क्वार्ट्झचंच बघू. जपानच्या सैको कंपनीचं अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ टोकियोत २५ डिसेंबर १९६९ ला विक्रीला आलं. वॉल्थॅमचं दिवाळं निघालं १९४९ मध्ये आणि १९५७ मध्ये तिनं घड्याळं बनवणं थांबवलं. म्हणजे मारेकरी जन्मण्याच्या बारा वर्षं आधीच मृत्यू झाला होता. त्यात अ‍ॅस्ट्रॉनची किंमत साडेचार लाख येन, त्या काळच्या छोट्या मोटारगाडीएवढी. असं घड्याळ एका रात्रीत कुणाला संपवणार?

वॉल्थॅमची दुखणी जुनी होती. पहिल्या महायुद्धानंतर लोक खिशातलं घड्याळ सोडून मनगटी घड्याळाकडं वळले, पण कंपनीचं नाव आणि कसब दोन्ही खिशातल्या घड्याळावर उभं होतं. १९२० च्या दशकातच ती एकदा बुडता बुडता वाचली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी कारखाने लष्करी कामाला जुंपले गेले. तटस्थ स्वित्झर्लंडची घड्याळं मात्र अमेरिकेच्या दुकानांत येत राहिली. युद्ध संपलं तेव्हा गिऱ्हाईक त्यांच्याकडं गेलेलं होतं.

नक्कल केल्याचा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण घडलं ते नेमकं उलट. १८५० मध्ये बोस्टनजवळ रॉक्सबरीत अ‍ॅरन डेनिसन आणि एडवर्ड हॉवर्ड यांनी याच कंपनीच्या कामाला सुरुवात केली. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात बंदुकीचे सुटे भाग एकसारखे बनत. घड्याळाचे का बनू नयेत, हा डेनिसनचा प्रश्न होता. त्या वेळी स्विस जुरा भागात घरोघरी भाग तयार होत आणि कारागीर ते कानशीनं घासून एकमेकांत बसवत. डेनिसननं ते काम यंत्रावर नेलं. १८५४ मध्ये कारखाना चार्ल्स नदीकाठी वॉल्थॅम गावी गेला. १८५७ मध्ये लिलावात निघाला, तो रॉयल रॉबिन्सनं घेतला आणि सावरला.

१८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात वॉल्थॅमनं केसाएवढे बारीक स्क्रू आपोआप कापणारी यंत्रं मांडली. स्विस मंडळी ती बघून हादरली. अमेरिकेला होणारी त्यांची घड्याळांची निर्यात १८७२ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख फ्रँक होती, ती चार वर्षांत ५० लाखांच्याही खाली आली होती. लाँजीन या स्विस घड्याळ कंपनीचा अभियंता जाक दाविद याचाच शोध घ्यायला अमेरिकेत आला होता. तिथले कारखाने पाहून त्यानं सविस्तर अहवाल लिहिला आणि आपल्या लोकांना बजावलं, की यंत्रं आणा, नाहीतर बाजार गेला. त्याआधी १८६८ मध्येच बोस्टनच्या फ्लोरेंटाइन जोन्सनं स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनला जाऊन अमेरिकी पद्धतीचा कारखाना काढला होता. आजची महागड्या घड्याळांची आयडब्ल्यूसी कंपनी ती हीच. तेव्हा कुणी कुणाकडून शिकलं, ते उघड आहे.

राहिला इलेक्ट्रॉनिक्सचा मुद्दा. सेलवर चालणारं जगातलं पहिलं मनगटी घड्याळ पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या हॅमिल्टन कंपनीनं ३ जानेवारी १९५७ ला जाहीर केलं, वॉल्थॅमनं घड्याळं थांबवली त्याच वर्षी. १९६० मध्ये बुलोवा या अमेरिकी कंपनीचं अ‍ॅक्युट्रॉन हे इलेक्ट्रॉनिक घड्याळ आलं. त्यातला नादकाटा सेकंदाला ३६० वेळा कंप पावायचा. आणि १९७२ मध्ये बटण दाबलं की लाल आकडे दाखवणारं पल्सर घड्याळ विकायला आलं, तेही हॅमिल्टनचंच.